माळ्याची झडप मोठी करायचीय? कडी कापण्याआधी हे वाचा

गणपती जवळ आले की मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याकडच्या जुन्या घरांत एक दृश्य हमखास दिसतं. एक जण माळ्यावर, एक जण शिडीवर, दोघं खाली, आणि मध्ये अडकलेली माटवी. माळ्याचं तोंड एवढंसं असतं की माटवी तिरकी करा, उभी करा, एक कोपरा अडकतोच. मग कुणीतरी म्हणतं, "ह्या वर्षी ही झडप मोठी करूनच टाकूया."

आता तर माटवीपेक्षा मोठी कारणं आलीत. पाण्याची टाकी माळ्यावर ठेवायचीय. गाद्या, कपाटं वर न्यायचीत. तारकर्ली, देवबागच्या बाजूला घरात होमस्टे सुरू केलाय आणि माळ्याची खोली करायचीय. किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना उभ्या शिडीऐवजी जरा आडवा जिना हवाय.

मेस्त्रींना बोलावलं जातं. मेस्त्री वर बघतात. झडपेच्या कडेला एक लाकूड आडवं येत असतं. "ह्या कापूचा लागतला," ते सांगतात. घरातलं कुणीतरी विचारतं, "कापल्यावर काय होणार नाय ना?" आणि उत्तर येतं, "कायेक होवचा नाय!"

बहुतेक वेळा खरंच लगेच काही होत नाही. खरी अडचण तीच आहे. कापलेल्या लाकडाचा भार कुठेतरी जातो, शेजारचं लाकूड थोडं वाकतं, भिंतीला बारीक तडा जातो आणि मग एखाद्या पावसाळ्यात किंवा वादळात त्याचा हिशोब होतो. म्हणून हे लाकूड कोणतं, ते कापता येतं का, आणि येत असेल तर कशा क्रमाने कापायचं, हे नीट समजून घेऊया.

आधी माळा उभा कशावर आहे ते बघा

कोकणातलं जुनं घर म्हणजे चिऱ्याच्या भिंती, वर उतरतं छप्पर आणि मधे लाकडी माळा. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली सुरू केला. पुढे ही कौलं समुद्रमार्गे किनाऱ्यावर सगळीकडे पोचली आणि गवताच्या छपरांची जागा त्यांनी घेतली. छप्पर जड झालं, तसं खालचं लाकूडही भक्कम झालं.

या लाकडांत माळ्याच्या उंचीवर साधारण तीन प्रकारची आडवी लाकडं असतात. वरवर ती सारखी दिसतात, पण त्यांची कामं वेगवेगळी आहेत.

पहिली कडी. ही तुलनेने बारीक असते. कड्या एकमेकींपासून ठरावीक अंतरावर, बहुतेक दीड-दोन फुटांवर, ओळीने बसवलेल्या असतात आणि त्यांच्यावर फळ्या ठोकलेल्या असतात. अशा छताला कडीपाट म्हणतात. कडीचं मुख्य काम फळ्यांवरचा भार भिंतीपर्यंत किंवा तुळईपर्यंत पोचवणं.

दुसरी तुळई. ही जाड असते. कड्यांची टोकं तिच्यावर टेकलेली असतात. म्हणजे एका तुळईच्या जिवावर आठ-दहा कड्या असू शकतात. दोन तुळयांमधल्या जागेला आपण खण म्हणतो.

तिसरी म्हणजे छपराला बांधून ठेवणारी तुळई. हिच्यावर मधोमध एक आखूड खांब उभा असतो आणि तो खांब वरचं आढं पेलतो. किंवा वाशांची खालची टोकं हिच्या टोकांशी जखडलेली असतात. उतरत्या छपराचे वासे वजनामुळे खालच्या टोकाला बाहेर सरकू पाहतात आणि भिंतींना बाहेर ढकलतात. ही तुळई दोन्ही बाजूंना ओढून धरते. ती भार पेलते, शिवाय ताणही पेलते.

आता नियम सोपा आहे. झडपेसाठी कापायचा विचार करायचा तो फक्त पहिल्या प्रकारचा, म्हणजे कडीचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या लाकडाला करवत लावायची नाही. झडपेच्या आड तुळई येत असेल तर झडप हलवा, तुळई नाही.

ओळखायचं कसं?

खालून बघून निर्णय घेऊ नका. माळ्यावर चढा, बॅटरी घ्या आणि हे प्रश्न विचारा.

या लाकडावर खांब उभा आहे का? वाशाचं टोक याला ठोकलेलं, खाचेत बसवलेलं किंवा बांधलेलं आहे का? दुसऱ्या लाकडांची टोकं याच्यावर टेकलीत का? हे शेजारच्या लाकडांपेक्षा जाड आहे का? याच्या बरोबर वर एखादी मातीची किंवा विटांची आडभिंत उभी आहे का?

एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर तिथेच थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ज्या घरात कड्याच वाशांना खालून बांधून ठेवतात, म्हणजे प्रत्येक कडीच्या टोकाला वासा जखडलेला असतो, तिथे साधी दिसणारी कडीसुद्धा तिसऱ्या प्रकारात जाते.

कधीकधी काही कापायची गरजच नसते

झडप मोठी करायची म्हटलं की आपण ती चारही बाजूंनी वाढवायचा विचार करतो. पण कड्या ज्या दिशेने जातात त्या दिशेने झडप कितीही लांब केली तरी एकही कडी कापावी लागत नाही. फक्त फळ्या कापाव्या लागतात. रुंदी वाढवली की मात्र कडी आड येते.

काही घरांत कड्या नसतातच. जाड फळ्या थेट तुळयांवर टाकलेल्या असतात आणि तुळयांमध्ये तीन-चार फुटांचं अंतर असतं. अशा घरात एका खणाच्या आतच चांगली मोठी झडप बसते. फक्त कापलेल्या फळ्यांची टोकं टेकायला नवी पट्टी किंवा चौकट द्यावी लागते, नाहीतर अधांतरी फळीवर पाय पडला की माणूस थेट माजघरात.

कड्या दीड फुटावर असतील तर दोन कड्यांमधली मोकळी जागा साधारण ३७ सेंटिमीटर भरते. त्यातून सडपातळ माणूस कसाबसा जाईल, गादी जाणार नाही. मधली एक कडी कापली तर रुंदी ८२ सेंटिमीटरच्या आसपास मिळते. म्हणजे बहुतेक घरांना एक कडी कापून काम भागतं.

झडप नेमकी किती लांब हवी?

हे ठरवताना डोक्याचा विचार करायचा. वर चढणाऱ्या माणसाचं डोकं झडपेच्या कडेला आपटू नये, म्हणून पायरीपासून वरच्या कडेपर्यंत निदान दोन मीटर मोकळी उंची हवी. त्यात माळ्याची जाडी २० सेंटिमीटर धरली तर एकूण २.२ मीटर झाले.

भिंतीला टेकवायची शिडी चार फूट चढायला एक फूट पुढे जाते. तिला साधारण ५५ सेंटिमीटर लांबी लागते, सामान नेण्यासाठी ७५ धरा. जरा आडवी, कठडा असलेली, साठ-पासष्ट अंशांची शिडी हवी असेल तर जवळपास ११० ते १२० सेंटिमीटर, म्हणजे चार फूट. आणि घरातल्यासारखा खरा जिना हवा असेल, १९ सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर रुंद पायऱ्यांचा, तर झडपेची लांबी जवळपास २.९ मीटर लागते. साडेनऊ फूट!

म्हणून 'झडप मोठी करून जिना बसवूया' हे वाक्य जितकं सोपं वाटतं तितकं नसतं. साडेनऊ फुटांचं भगदाड म्हणजे अख्खा खण मोकळा करणं. ते इंजिनिअरचं काम आहे. या लेखात आपण चार फुटांच्या झडपेबद्दल बोलतोय.

एक कडी कापली तर भार जातो कुठे?

एक उदाहरण घेऊ. कड्यांची लांबी ३ मीटर, म्हणजे दहा फूट. अंतर ४५ सेंटिमीटर. राहत्या खोलीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरतात. फळ्या आणि कडीचं स्वतःचं वजन म्हणून ४० किलो धरू. एक कडी १.३५ चौरस मीटर माळा पेलते. म्हणजे एका कडीवर साधारण ३२४ किलो.

आता मधली कडी कापून १२० सेंटिमीटर लांबीची झडप केली. कडीचे दोन तुकडे उरले, दोन्ही भिंतींकडे ९०-९० सेंटिमीटरचे. त्यांचं एक टोक भिंतीवर आहे, दुसरं हवेत. ते हवेतलं टोक पकडायला आडवं लाकूड लागतं. हे आडवं लाकूड आपला भार दोन्ही शेजारच्या कड्यांना देतं. झडपेच्या पल्ल्यावर कुणी उभं राहिलं तर तोही भार याच दोन कड्यांवर जातो.

हिशोब केला तर शेजारच्या प्रत्येक कडीवर ११३ किलो वाढतात. ३२४ चे ४३७ होतात, म्हणजे ३५ टक्के वाढ. पण हा वाढीव भार कडीच्या मधल्या भागात येतो आणि मधला भार लाकडाला जास्त वाकवतो. त्यामुळे कडीला वाकवणारा जोर ३५ टक्के नाही, तब्बल ५० टक्के वाढतो.

दोन कड्या कापल्या तर? शेजारच्या कड्यांवरचा वाकवणारा जोर सरळ दुप्पट होतो.

म्हणूनच जगभरचे सुतार एक गोष्ट करतात. झडपेच्या दोन्ही बाजूंच्या कड्या जोड करतात, म्हणजे प्रत्येकीला त्याच मापाची आणखी एक कडी चिकटवतात. एक कडी कापली असेल तर जोड केल्यावर ताकद शिल्लक राहते. दोन कापल्या तर जोड करून जेमतेम बरोबरी होते, वर काही उरत नाही. तीन कापायच्या असतील तर अंदाजाने करायचं कामच नाही.

लाकडाची उंची मोलाची, खाच घातक

कडीची ताकद रुंदीपेक्षा उंचीवर जास्त अवलंबून असते. रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट. उंची दुप्पट केली तर ताकद चौपट आणि ताठपणा आठपट. म्हणून कडी नेहमी उभ्या कडेवर बसवतात, आडवी नाही.

याचीच उलट बाजूही आहे. सहा इंच उंच कडीला खालून दोन इंचांची खाच पाडली तर त्या जागी उरली चार इंच. ताकद राहिली ४४ टक्के, निम्म्याहून कमी. पाइप नेण्यासाठी किंवा चौकट बसवण्यासाठी कडीच्या मधल्या भागात खाली खाच पाडणं म्हणजे अर्धी कडी कापण्यासारखंच आहे. वायर किंवा बारीक पाइपासाठी भोक पाडायचंच असेल तर ते कडीच्या उंचीच्या मधोमध पाडा. वाकताना तिथे ताण सर्वात कमी असतो.

कापण्याआधी लाकूड तपासा

आपल्याकडच्या जुन्या घरांत साग, ऐन, किंजळ, फणस अशी लाकडं सापडतात. चांगल्या लाकडाची कडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण तिची टोकं भिंतीत गाडलेली असतात आणि सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिरा पाणी शोषतो, ओल कडीच्या टोकाला लागते, मग वाळवी येते. बाहेरून टणटणीत दिसणारी कडी टोकाला पोकळ असू शकते.

तपासायची पद्धत साधी आहे. भिंतीजवळ पेचकस किंवा पटाशी जोरात टोचा. चांगल्या लाकडात टोक अडतं. सडलेल्यात आत शिरतं. हातोडीने ठोका, भरीव लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ बद्द. भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतायत का बघा. झडपेच्या दोन्ही शेजारच्या कड्या तपासायलाच हव्यात, कारण वाढीव भार त्यांच्याच टोकांवर येणार आहे.

नवं लाकूड घेताना ते वाळलेलं घ्या. ओल्या लाकडात ठोकलेले खिळे लाकूड आकसल्यावर ढिले होतात. घरचा माड पाडलाय म्हणून त्याची कडी करायची असेल तर लक्षात ठेवा, माडाचा फक्त बाहेरचा कडक भाग ताकदीचा असतो, गाभा मऊ असतो.

कामाची वेळ आणि तयारी

हे काम पावसात नको. एक मंगलोरी कौल दोन-तीन किलोचं असतं आणि भिजलं की आणखी जड होतं. लाकूडही फुगलेलं असतं. दिवाळीनंतर ते शाकारणीच्या आधीपर्यंतचा काळ उत्तम.

माळा आधी रिकामा करा, अगदी पूर्ण. भाताच्या कणग्या, नारळ, पितळेची भांडी, सगळं खाली. निम्मं सामान एका कोपऱ्यात सरकवून काम सुरू करू नका, कारण तो कोपराही त्याच कड्यांवर आहे.

मेन स्विच बंद करा. जुन्या घरांत वायरिंग कड्यांवर पट्ट्या ठोकून नेलेलं असतं आणि करवतीला वायर दिसत नाही.

तोंडाला चांगला मास्क, हातात मोजे, डोळ्यांना चष्मा. माळ्यावर उंदरांचा वावर असतो आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोचा संसर्ग होऊ शकतो. कोरडी धूळ झाडू नका, आधी पाणी शिंपडा. सामान हलवताना काठीने हलवा. उंदरांच्या मागे साप येतात, हे कोकणात वेगळं सांगायला नको. छपराला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कापू नका, घासू नका.

काम कोणत्या क्रमाने करायचं?

अपघात बहुतेक क्रम चुकल्यामुळे होतात. आधी कापून मग आधार शोधणं ही सगळ्यात सामान्य चूक. योग्य क्रम असा.

१. दोरी बांधा. झडपेच्या दोन्ही शेजारच्या कड्यांखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून दोरी बांधा आणि मधे कडी दोरीपासून किती वर आहे ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा. काम झाल्यावर हाच आकडा तुम्हाला खरं काय ते सांगेल.

२. टेकू द्या. झडपेच्या जिथे दोन काप येणार, त्यांच्या बाहेरच्या बाजूला दीड-दोन फुटांवर टेकूंची एकेक रांग लावा. प्रत्येक रांगेत कड्यांखाली आडवं जाड लाकूड आणि त्याखाली टेकू. ही रांग कापायच्या कडीच्या पुढे दोन्ही बाजूंना आणखी दोन-दोन कड्यांपर्यंत हवी. स्लॅबच्या सेंटरिंगला वापरतात ते लोखंडी जॅक भाड्याने मिळतात, ते उत्तम. खाली शेणाने सारवलेली जमीन असेल तर जॅकचा पाय रुतेल, म्हणून लांब फळी टाका आणि त्यावर जॅक उभा करा. जॅक फक्त घट्ट टेकेल एवढाच आवळा. कडी वर उचलायचा प्रयत्न करू नका, वरच्या भिंती आणि फळ्या उलतील.

३. शेजारच्या कड्या जोड करा. करवत हातात घेण्याआधी. नवी कडी जुनीच्याच उंचीची हवी आणि ती भिंतीपासून भिंतीपर्यंत अखंड हवी. झडपेपुरता चार-पाच फुटांचा तुकडा ठोकून उपयोग नाही, कारण भार भिंतीपर्यंत पोचला पाहिजे. आत सरकवण्यासाठी एका भिंतीतला कोनाडा जास्त खोल करावा लागतो. टोक भिंतीत निदान चार इंच टेकलं पाहिजे. चिरा मऊ असतो, म्हणून टोकाखाली काँक्रीटचा किंवा कठीण दगडाचा छोटा ठोकळा द्या, म्हणजे भार पसरेल. जुनी आणि नवी कडी १२ मिलिमीटरच्या नटबोल्टने, मोठ्या वायसरसह, दीड-दोन फुटांवर खाली-वर अशा आळीपाळीने जोडा.

४. फळ्या कापा. खूण करून आधी झडपेच्या जागेवरच्या फळ्या काढा. आता कडी वरूनही दिसेल. तिच्यावर काही टेकलेलं नाही ना, ही शेवटची खात्री इथे करा.

५. कडी कापा. झडपेची लांबी १२० सेंटिमीटर हवी असेल तर काप १२० वर घ्यायचा नाही. आडव्या लाकडांची जाडी त्यात मिळवायची. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंची लाकडं जोड बसवणार असाल तर कापायचा तुकडा साधारण १४० सेंटिमीटरचा होतो. तुकडा खालून कुणीतरी धरा किंवा दोरीने वर बांधा. कापताना करवत चिमटली जाऊ लागली तर ती सूचना आहे. कडीवर अजून भार आहे, टेकू नीट बसलेले नाहीत. थांबा, टेकू तपासा, मग पुढे जा.

६. आडवी लाकडं बसवा. त्यांची उंची कडीएवढीच. कापलेल्या कडीच्या टोकाला घट्ट भिडवा आणि दोन्ही बाजूंच्या जोड कड्यांना जोडा. हे जोड नुसत्या तिरक्या खिळ्यांवर सोडू नका. 'यू' आकाराचे लोखंडी जॉइस्ट हँगर मिळतात, ते खालून पाळण्यासारखा आधार देतात. त्यांची सगळी भोकं भरा. जिप्समच्या छताला लावतात ते काळे स्क्रू वापरू नका, ते कडक पण ठिसूळ असतात आणि बाजूने भार आला की तुटतात.

७. चौकट, पल्ला आणि कठडा. पल्ला चारही बाजूंनी चौकटीवर टेकला पाहिजे. मोठ्या झडपेभोवती वरच्या बाजूला कठडा लावा. कडी बरोबर कापली आणि रात्री अंधारात माणूस झडपेतून पडला, तर त्या सगळ्या मेहनतीला काय अर्थ?

८. टेकू हळूहळू काढा. एकेक जॅक थोडा थोडा सैल करा, आवाज ऐका, दोरी बघा. कडी दोन-चार मिलिमीटर बसली तर ठीक. त्याहून जास्त वाकली किंवा दोन-तीन दिवसांनीही वाकतच राहिली तर जॅक परत आवळा आणि इंजिनिअरला बोलवा.

खाऱ्या हवेचं काय?

मालवणात समुद्रापासून थोड्या अंतरावरच्या घरात साधा लोखंडी खिळा काही वर्षांत गंजून बारीक होतो. हवेतलं मीठ हे त्याचं कारण. शिवाय ऐनासारख्या टॅनिन असलेल्या लाकडात लोखंडाभोवती काळे डाग पडतात आणि गंज वाढतो. म्हणून किनाऱ्याजवळ ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, खिळे आणि हँगर वापरा. निदान जाड जस्ताचा थर असलेले घ्या. आणि दोन्ही धातू मिसळू नका. जस्ती हँगरला स्टेनलेस खिळे लावले तर दमट हवेत जस्त आधी झिजतं.

हँगर मिळत नसतील तर आपला जुना उपाय आहेच. आडव्या लाकडाच्या दोन्ही टोकांखाली खांब द्या. खांब जमिनीत पुरू नका, दगडावर उभा करा, म्हणजे वाळवी लागणार नाही. खोलीत खांब चालत असेल तर हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे, कारण भार थेट जमिनीत जातो.

वादळाचा विचार

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं. कौलं उडाली, झाडं घरांवर पडली, वीज कित्येक दिवस नव्हती. अशा वेळी छप्पर वर उचललं जातं आणि भिंती आतबाहेर ढकलल्या जातात. भिंतींत घुसलेल्या कड्या आणि त्यांवरच्या फळ्या त्या भिंतींना वरच्या बाजूला धरून ठेवतात. एक कडी नीट चौकट करून कापली तर हा बांध टिकतो. पण भिंतीला अगदी लागून झडप केली, तर तेवढ्या लांबीत भिंतीला धरणारं काहीच उरत नाही. म्हणून झडप भिंतीपासून निदान दोन-तीन फूट आत ठेवा, आणि शक्यतो बाहेरच्या भिंतीजवळ नको.

आणि माळ्याची खोली करायची असेल तर?

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून किनाऱ्यावर अनेक घरांत पाहुण्यांची सोय सुरू झाली, एमटीडीसीच्या निवास व न्याहारी योजनेतून कितीतरी घरं पर्यटकांसाठी खुली झाली. माळ्यावर झोपण्याची सोय करणं आकर्षक वाटतं. पण सामान ठेवायला बांधलेला माळा आणि माणसं झोपतील असा माळा यात फरक आहे.

पाचशे लिटरची टाकी भरली की अर्धा टन एका जागी बसतो. वरच्या हिशोबातल्या कडीची पूर्ण क्षमता आपण ३२४ किलो धरली होती, हे आठवा. टाकी माळ्यावर नकोच, वेगळ्या खांबांवर ठेवा. झोपायची खोली करायची तर आग लागल्यावर बाहेर पडायला दुसरी वाट हवी, एकच झडप पुरत नाही. आणि घराच्या रचनेला हात लावणाऱ्या बदलासाठी काम सुरू करण्याआधी तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत काय परवानगी लागते ते विचारून घ्या.

मेस्त्रींना विचारायचे चार प्रश्न

शेवटी काम मेस्त्रीच करणार, आणि जुन्या मेस्त्रींना लाकडाची जाण आपल्यापेक्षा जास्त असते. त्यामुळे त्यांना शिकवायला जाऊ नका, फक्त चार प्रश्न विचारा.

मेस्त्रीनू, ही कडी की तुळई?
हिच्यावर वर काय टेकलंय?
कापायच्या आधी टेकू कुठे देणार?
शेजारच्या कड्या जोड कधी करणार, कापण्याआधी की नंतर?

चारही उत्तरं नीट आली तर झडप बिनधास्त मोठी करा, पुढच्या गणपतीत माटवी एका फेरीत खाली येईल. आणि उत्तर फक्त "कायेक होवचा नाय" एवढंच आलं, तर त्या दिवशी मेस्त्रींना चहा द्या आणि करवत मात्र पिशवीतच राहू दे.